गुरुवारी दुरुस्ती, मग शुक्रवारी नळाला धार का नाही?

पिंपरी-चिंचवडकर मंडळी, दुरुस्तीसाठी गुरुवारी पाणी बंद राहिलं की "शुक्रवारी पुरवठा कमी दाबाने" असंही सूचनेत असतं. त्याचं कारण समजून घेऊ.

आपलं पवना धरणाचं पाणी नदीतून रावेत बंधाऱ्यापर्यंत येतं. तिथून ते उपसून निगडी सेक्टर 23 च्या केंद्रात शुद्ध होतं आणि मग शहरभरच्या उंच टाक्यांत चढतं. उपसा थांबला की टाक्या तळाला जातात, जलवाहिन्यांत हवा भरते. पुन्हा सुरू झाल्यावर आधी वाहिन्या भरतात, हवा बाहेर पडते, मग टाक्या भरतात. म्हणून वाहिनीच्या टोकाच्या आणि उंचावरच्या घरांना पाणी सगळ्यात उशिरा मिळतं. वाहिनीतला गाळ हलल्याने पहिलं पाणी गढूळ येऊ शकतं. ते पिऊ नका, झाडांना घाला.

2019 च्या नोव्हेंबरपासून शहरात दिवसाआड पाणी आहे. आंद्रा धरणाचं पाणी चिखलीच्या केंद्रात येऊ लागलं, तरी मागणी वाढतेच आहे. म्हणून एवढं कराच:

🔹 रात्री सगळे नळ बंद करून मीटर पाहा. काटा फिरतोय? कुठेतरी गळती आहे.
🔹 फ्लशच्या टाकीत खाण्याचा रंग टाका. फ्लश न करता भांड्यात रंग उतरला, तर वॉशर बदला.
🔹 सेकंदाला एक थेंब गळणारा नळ दिवसाला सुमारे 20 लिटर पाणी घालवतो.
🔹 आरओचं वाया जाणारं पाणी फरशी पुसायला वापरा.
🔹 कालचं साठवलेलं पाणी "शिळं" म्हणून ओतू नका.

रस्त्यावर वाहिनी फुटलेली दिसली, तर फोटो आणि जवळची खूण देऊन महापालिकेला लगेच कळवा. सोसायटीच्या ग्रुपवरही टाका!