डाव्या हाताचा मळ नव्हे

ठाकुर्ली स्टेशनालगत राहणाऱ्या माणसानं घरच्या घरी संगीत रेकॉर्ड करायचं ठरवलं, तर त्याची पहिली गाठ रेल्वेशी पडते. डोंबिवली आणि कल्याणच्या मधलं हे छोटं स्टेशन. फास्ट गाड्या इथे थांबत नाहीत, भोंगा मात्र देऊन जातात. एकदा मी शेवटची लोकल जाईपर्यंत जागून, माइक लावून बासरी घेऊन बसलो. तोंडाशी धरली आणि मालगाडी आली. तिचे डबे संपता संपेनात.

त्यानंतर खोलीत मिडी कीबोर्ड आला. त्याचा मोठा गुण असा, की त्याला कान नाहीत. मालगाडी जावो, कुकरची शिट्टी होवो, रेकॉर्डिंगमध्ये काही उतरत नाही. कारण त्याच्या पोटात आवाजच नसतो. कोणती पट्टी दाबली, किती जोरात दाबली, केव्हा सोडली, एवढी वर्दी तो कॉम्प्युटरला देतो. बासरी, सारंगी, व्हायोलिन जे काही वाजायचं ते कॉम्प्युटरमधल्या सॉफ्टवेअरमधून वाजतं. आपल्याकडे अजून पुष्कळ घरांत पट्ट्या असलेल्या कुठल्याही इलेक्ट्रॉनिक वाद्याला सरसकट ‘कॅसिओ’ म्हणतात. हा कॅसिओ मात्र मुका असतो.

पहिल्या रात्री त्यावर वाजवलेली बासरी मोबाइलच्या रिंगटोनसारखी वाटली. सूर बरोबर, ताल बरोबर, पण बासरीत जीव नाही. दोष शोधताना लक्षात आलं, की उजवा हात घाम गाळत होता आणि डावा हात मांडीवर स्वस्थ पडला होता.

पेटी वाजवणाऱ्याचा डावा हात असा कधी बसत नाही. अलेक्झांडर दबँ यांनी 1842 साली पॅरिसमध्ये पेटंट घेतलेलं हार्मोनियम पायानं वारा भरून वाजवायचं. कोलकात्याच्या द्वारकानाथ घोष यांनी एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात ते हातपेटीच्या रूपात आणलं आणि भाता डाव्या हाताकडे आला. पेटीची पट्टी हळू दाबा नाहीतर जोरात, सूर तेवढाच येतो. त्याचा चढउतार, श्वास, दम हे सगळं भात्यात. चांगला पेटीवादक ओळखायचा तो या हातावरून.

तरी पेटीवर एक जुना आरोप आहेच. तिच्यावर मींड येत नाही आणि श्रुती पकडता येत नाहीत. या आरोपापायी 1940 मध्ये आकाशवाणीनं तिला बाहेर काढलं आणि जवळपास तीन दशकं ती बाहेरच राहिली. त्या आरोपाचं एक उत्तर आमच्या शेजारच्या ठाण्यात तयार झालं. डॉ. विद्याधर ओक यांनी 22 श्रुतींची पेटी घडवली. षड्ज आणि पंचम अचल, उरलेल्या दहा स्वरांना प्रत्येकी दोन जागा. त्यामुळे श्रुतींचा प्रश्न सुटला. एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जाणं, म्हणजे मींड, मात्र पट्टीच्या स्वभावातच नाही. त्याचं उत्तर वेगळ्याच धंद्यातल्या लोकांनी काढलं, तेही पेटीचा विचार मनात न आणता.

1970 च्या मिनीमूग सिंथेसायझरवर पट्ट्यांच्या डावीकडे दोन चाकं आली, एक सूर वाकवणारं, म्हणजे पिच बेंडचं, आणि दुसरं मॉड्युलेशनचं, म्हणजे मॉड व्हील. मुंबईत केरसी लॉर्ड यांनी मूग हिंदी चित्रपटसंगीतात आणला. चरणजित सिंग यांनी 1982 मध्ये जुपिटर-8, टीबी-303 आणि टीआर-808 या रोलँड कंपनीच्या तीन यंत्रांवर दहा रागांची रेकॉर्ड काढली. तेव्हा ती फारशी कुणी ऐकली नाही. 2010 मध्ये ती पुन्हा निघाली, तेव्हा परदेशातले डान्स म्युझिकवाले थक्क झाले. पण त्या काळी एका कंपनीचं यंत्र दुसऱ्या कंपनीच्या यंत्राशी बोलत नसे. अमेरिकेचे डेव्ह स्मिथ आणि रोलँडचे इकुतारो काकेहाशी यांच्या पुढाकारानं मिडी ही सामायिक भाषा ठरली. जानेवारी 1983 मध्ये कॅलिफोर्नियातल्या व्यापारी प्रदर्शनात प्रॉफेट-600 आणि जुपिटर-6 हे दोन सिंथेसायझर केबलनं जोडले गेले. एकावर पट्टी दाबली आणि दुसरा वाजला. या कामासाठी दोघांना 2013 मध्ये टेक्निकल ग्रॅमी मिळालं.

या भाषेत बहुतेक गोष्टी 0 ते 127 या आकड्यांत सांगतात. पट्टीखाली दोन संपर्कबिंदू असतात. पहिला जुळल्यापासून दुसरा जुळेपर्यंत किती वेळ गेला, त्यावरून दाब नव्हे तर वेग मोजला जातो, म्हणून त्याला व्हेलॉसिटी म्हणतात. संतूर, पियानो यांना एवढं पुरतं. आघात एकदाच होतो, पुढे नाद आपोआप विरत जातो. पेटीवरून कीबोर्डवर आलेला माणूस मात्र इथे फसतो. त्याची बोटं सगळ्या पट्ट्या एकाच वेगानं दाबतात, कारण पेटीनं त्यांना वेगळं काही कधी मागितलंच नाही.

बासरी, शहनाई, व्हायोलिन यांचा सूर जन्मल्यानंतरही घडत राहतो. फुंक वाढते, गज दबतो. हे काम मॉड व्हीलचं. तारवाद्यांच्या अनेक सॉफ्टवेअरमध्ये हलक्या गजाची आणि जोरकस गजाची रेकॉर्डिंग वेगवेगळी ठेवलेली असतात. चाक वर सरकवलं, की पहिली मागे पडते आणि दुसरी पुढे येते. नुसता आवाज मोठा होत नाही, त्याचा पोतही बदलतो. त्याच्या जोडीला 11 क्रमांकाचा एक्स्प्रेशन कंट्रोल असतो, तो स्लायडरवर किंवा पायाच्या पेडलवर घेता येतो. मला विचाराल तर हाच आपला भाता. ओळ सुरू होताना किंचित भरायचा, मध्ये फुगू द्यायचा आणि शेवटी सोडायचा. बासरीवाला जिथे श्वास घेईल तिथे आपणही पट्टी सोडायची. माझ्या रिंगटोनची बासरी झाली ती एवढ्यानंच.

आता मींड. पिच बेंडच्या चाकाला 128 पायऱ्या पुरत नाहीत, कान त्या लगेच ओळखतो. म्हणून त्याला 16,384 पायऱ्या दिल्या आहेत. बहुतेक यंत्रांवर हे चाक दोन्ही बाजूंना दोन-दोन अर्धस्वर एवढंच वळतं. भूपात पंचमावरून गंधारावर उतरून बघा. अंतर तीन अर्धस्वरांचं. चाक दोनांवर अडतं आणि नेमकं शुद्ध मध्यमावर आपटतं. भूपात मध्यम वर्ज्य, म्हणजे मूळ सेटिंगवरच राग मोडला. म्हणून आधी राग बघायचा, मग सॉफ्टवेअरमध्ये चाकाची मर्यादा ठरवायची. फार वाढवली तर चाक चंचल होतं, बोट जरा हललं की सूर भरकटतो.

चाकाला स्प्रिंग असते, सोडलं की ते मध्यावर परततं. त्याचाही उपयोग होतो. दोन अर्धस्वरांच्या सेटिंगवर चाक अर्धं खाली ओढून षड्जाची पट्टी दाबली, की निषाद ऐकू येतो. मग चाक सावकाश सोडत जायचं. सूर षड्जावर येऊन विसावतो आणि तिथे पट्टी नव्यानं दाबल्याचा टक् होत नाही. मॉड व्हीलवर अनेकदा तयार कंपनही दिलेलं असतं. ते घड्याळासारखं नियमित. दरबारीतल्या कोमल गंधाराचं आंदोलन त्याच्यावर सोपवू नये, ते बोटानंच द्यावं.

आणखी एक खाच आहे. साध्या मिडीत पिच बेंड संपूर्ण चॅनलला लागू होतो. षड्ज धरून ठेवून वरचा सूर वाकवला, तर षड्जही सोबत वाकतो. तेव्हा तानपुरा नेहमी वेगळ्या चॅनलवर ठेवावा. 2018 मध्ये मान्यता मिळालेल्या एमपीई पद्धतीत प्रत्येक सुराला स्वतंत्र चॅनल मिळतो आणि प्रत्येक बोट आपापला सूर वाकवू शकतं. 2020 च्या मिडी 2.0 नं पायऱ्यांची संख्या आणखी वाढवली. पण साधं चाकही कमी लेखू नये. अभिजित पोहनकरांनी कीबोर्डवर रागसंगीत मांडलं आहे. चेन्नईचे के. सत्यनारायणन त्यावर कर्नाटक संगीतातली गमकं वाजवतात.

आणि या चाकाचे उस्ताद शोधायला चेन्नईपर्यंत जायचं कारण नाही. ठाणे-कल्याणच्या आगरी-कोळी वस्त्यांत हळदीची रात्र ऐका. बेंजो किंवा कीबोर्ड गाणं उचलतो, शेजारी ऑक्टोपॅड. 1985 चा पहिला ऑक्टोपॅडही असाच मुका होता. स्वतःचा आवाज नाही, काठीचा प्रहार मिडीनं दुसऱ्या यंत्राला कळवायचा. त्या मांडवातल्या कीबोर्डवाल्याचा डावा हात बघत राहावं. तो शब्दाच्या शेवटी सूर असा ओढून सोडतो, की गाणारी बाईच समोर उभी राहते. त्याला कंट्रोलरचे क्रमांक विचारले तर कदाचित सांगता येणार नाहीत. गाणं कुठे लवतं ते मात्र त्याला ठाऊक असतं.

कॉम्प्युटरवर या सगळ्या रेषा मागाहून माउसनंही काढता येतात. चुकलेली मींड दुरुस्त करायला ते ठीक. पण मुळात माउसनं आखलेली मींड फूटपट्टीनं ओढलेल्या रेघेसारखी दिसते आणि ऐकूही तशीच येते. आधी हातानं वाजवावं, मग हवं तर पुसावं.

एखादं काम सहज जमणारं असलं, की आपण त्याला डाव्या हाताचा मळ म्हणतो. कीबोर्डवर हा वाक्प्रचार उलटा पडतो. उजव्या हाताचं काम आठवड्यात जमतं, डाव्याला वर्ष लागतं. तेव्हा कीबोर्ड घ्यायला दुकानात गेलात, तर पट्ट्या 25 आहेत की 61 हे नंतर मोजा. आधी डावीकडे बघा. तिथे दोन चाकं नसतील आणि मागे पेडलची जागा नसेल, तर पैसे खिशातच राहू द्या.