मोबाइलमधील टिपणवही : आपल्या पश्चात कोण उघडणार?

बँकेतील नोकरीत ठेवीचा वा लॉकरचा अर्ज भरून घेताना ‘नामनिर्देशन कोणाच्या नावे?’ हा प्रश्न मी असंख्य वेळा विचारला. तोच प्रश्न मोबाइलमधील टिपणांविषयीही विचारावयास हवा, ही जाणीव मात्र मला एका मित्राच्या निधनानंतर झाली.

हे मित्र कापडाचे घाऊक व्यापारी. कीर्द-खतावणी मुनीमजींकडे चोख असे. परंतु तोंडी ठरलेले भाव, कोणास किती दिवसांची उधारी, हातउसने दिलेली रक्कम हे सारे ते फोनमध्ये टिपून ठेवीत. एका पहाटे हृदयविकाराने ते गेले. फोनचा सांकेतिक क्रमांक घरात कोणालाही ठाऊक नव्हता. मुलगा चार महिने पेढ्यांचे उंबरे झिजवीत राहिला. आपले येणे सर्वांनी सांगितले. देणे आठवले ते थोड्यांनाच.

टिपणांसाठी ॲप निवडताना तरुण मंडळी रंग, सजावट, सोयी पाहतात. मी आता दोनच गोष्टी पाहतो : टिपणे बाहेर काढता येतात का, आणि माझ्यामागे ती घरच्यांना मिळतील का. पहिली शंका अनाठायी नाही. एव्हरनोट हे एके काळी अतिशय लोकप्रिय साधन. डिसेंबर २०२३ मध्ये त्याच्या मोफत योजनेवर ५० टिपणे आणि एकच वही अशी मर्यादा आली. फुकटची जागा मालक केव्हा आखडती घेईल, हे भाडेकरूच्या हाती नसते!

आपल्यासारख्यांना गूगल कीप पुरेसे आहे, असे माझे मत. फोन हरवला तरी टिपणे खात्यात राहतात आणि ‘टेकआउट’ सेवेने त्यांची प्रत संगणकावर उतरवून घेता येते. गूगल खात्यात ‘इनॲक्टिव्ह अकाउंट मॅनेजर’ नावाची सोयही आहे. ३ ते १८ महिन्यांतील आपण ठरवू तितका काळ खाते वापरात नसेल, तर नेमून दिलेल्या व्यक्तींना, जास्तीत जास्त १० जणांना, सूचना जाते आणि आपण निवडलेली माहिती त्यांना उतरवून घेता येते. नामनिर्देशनच म्हणा ना.

पण व्यापारात तीन महिने थांबणार कोण? त्यासाठी कीपमधील एखादे टिपण घरच्या व्यक्तीच्या खात्याशी सामायिक करावे; ते तिच्या फोनवरही लगेच दिसते.

ज्यांना परक्याच्या घरी काही ठेवावयाचे नाही, त्यांच्यासाठी ऑब्सिडियन आहे. त्यातील टिपणे साध्या मजकुराच्या फायली म्हणून आपल्याच संगणकावर राहतात. मात्र दुसरी प्रत ठेवण्याची जबाबदारीही आपलीच. मायक्रोसॉफ्टच्या वननोटमध्ये एखाद्या विभागास पासवर्ड घालता येतो, पण तो विसरल्यास कंपनीही उघडून देऊ शकत नाही. एक सूचना मात्र कळकळीची : एटीएमचा पिन वा बँकेचा पासवर्ड कोणत्याही टिपणात लिहू नये.

गेल्या पाडव्याला मी हातउसन्याचे टिपण मुलाशी सामायिक केले. त्याच संध्याकाळी त्याने दोन नोंदींचा खुलासा मागितला. एकीतील तारीख माझीच चुकली होती.