दुर्बिणीचं ऑपरेशन की टाक्याचं? तारीख घेण्याआधी एवढं विचारा

सोनोग्राफीत पित्ताशयात खडे निघाले, की घरात पहिला प्रश्न येतो : ऑपरेशन दुर्बिणीचं करायचं की टाक्याचं? दुर्बिणीचं म्हणजे चांगलं आणि टाक्याचं म्हणजे जुनाट, असा समज गावोगावी आहे. त्यापायी कुणी दावणीची म्हैस विकून शहर गाठतं, तर कुणी पैसे जमेपर्यंत दुखणं अंगावर काढतं.

फरक काय?

टाक्याच्या ऑपरेशनमध्ये पोटावर छेद घेऊन डॉक्टर थेट आत पाहून काम करतात. दुर्बिणीच्या ऑपरेशनमध्ये पोटात कार्बन डायऑक्साइड वायू भरून ते फुगवतात आणि अर्धा ते एक सेंटिमीटरची तीन-चार छिद्रं पाडतात. एकातून कॅमेरा जातो, बाकीच्यांतून लांब दांड्याची हत्यारं. आतलं सगळं पडद्यावर दिसतं. भारतात दुर्बिणीने पित्ताशय काढण्याची सुरुवात १९९० मध्ये मुंबईच्या जे. जे. या सरकारी रुग्णालयात डॉ. तेहेमटन उडवाडिया यांनी केली.

दुर्बिणीचा फायदा खरा आहे. दुखतं कमी, जखम पिकण्याची भीती कमी आणि बहुतेक रुग्ण एक-दोन दिवसांत घरी येतात. मोठा छेद घेतला तर चार ते सहा आठवडे ओझं उचलता येत नाही. ज्याचं हातावर पोट आहे, त्याची तेवढी मजुरी बुडते.

मग अडचण कुठे?

दुर्बिणीला नुसतं मशीन पुरत नाही. रुग्णाला बहुधा पूर्ण भूल द्यावी लागते, म्हणजे भूलतज्ज्ञ हजर हवा. वायूचं सिलिंडर भरलेलं हवं, वीज गेली तर जनरेटर हवा, डॉक्टरांचा हात बसलेला हवा. हत्यारं नीट निर्जंतुक केली नाहीत किंवा साध्या पाण्याने धुतली, तर काही आठवड्यांनी छिद्राच्या जागी गाठ होऊन पू येतो. हा संसर्ग नेहमीच्या औषधांना दाद देत नाही, महिनोन्‌महिने गोळ्या घ्याव्या लागतात.

टाक्याचं ऑपरेशन कमी दर्जाचं नाही

इंग्लंडमधील शेफिल्ड इथे २०० रुग्णांवर झालेला अभ्यास १९९६ मध्ये प्रसिद्ध झाला. निम्म्यांचं पित्ताशय दुर्बिणीने काढलं, निम्म्यांचं छोट्या छेदातून. कुणाचं कसं झालं ते कळू नये म्हणून सगळ्यांना सारखीच पट्टी बांधली. दोन्ही गटांतले रुग्ण सारख्याच दिवसांत घरी गेले. उलट दुर्बिणीला वेळ जास्त लागला. म्हणजे सरावाचा सर्जन छोट्या छेदातूनही चांगलं काम करतो. जांघेतल्या हर्नियाला तर जाळी बसवण्याचं टाक्याचं ऑपरेशन कमरेतून भूल देऊनही होतं.

दुर्बिणीने सुरू केलेलं ऑपरेशन मधेच पोट उघडून पूर्ण करावं लागतं, असंही कधी घडतं. आत सगळं चिकटलेलं असलं किंवा रक्तस्राव थांबत नसला, तर तोच शहाणपणाचा निर्णय असतो. नातेवाइकांनी त्यावरून भांडू नये.

तारीख घेण्याआधी विचारा

– हे ऑपरेशन तुम्ही दुर्बिणीने नेहमी करता का?
– भूलतज्ज्ञ पूर्ण वेळ थांबणार का?
– पोट उघडायची वेळ आली तर ते इथेच होईल का? रक्ताची सोय कुठून?
– रात्री त्रास झाला तर कोण बघणार?

उत्तरं मोघम आली, तर त्या दवाखान्यात दुर्बिणीचा आग्रह धरू नका.

पैशाचं काय?

महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कुटुंबाला वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंत संरक्षण आहे. मात्र सगळी ऑपरेशनं सगळ्या दवाखान्यांत बसत नाहीत, काही फक्त सरकारी रुग्णालयासाठी राखीव असतात. म्हणून भरती होण्याआधीच रेशनकार्ड आणि आधार घेऊन योजनेतल्या रुग्णालयातील आरोग्यमित्राला भेटा.

दुर्बिणीनंतर दोन-तीन दिवस खांदा दुखतो, तो पोटातल्या वायूमुळे. त्याला घाबरू नका. पण ताप, वाढती पोटदुखी, पोट फुगणं, डोळे पिवळे होणं यांपैकी काही दिसलं, तर दुर्बिणीचं असो की टाक्याचं, त्याच दिवशी दवाखाना गाठा. आणि अपेंडिक्स फुटल्याचा संशय असेल, तर दुर्बिणीसाठी शहराची वाट धरण्याआधी जवळचा सर्जन काय म्हणतो ते ऐका. तिथे छेद लहान की मोठा, यापेक्षा वेळ महत्त्वाची.