फोटॉनला पाहते कोण?

आपण पाहत नसताना चंद्र आकाशात असतो का? आइन्स्टाइन यांनी एकदा फिरायला जाताना सहकाऱ्याला असा खोचक प्रश्न विचारला होता. घरातल्या माणसांना तो वेडगळच वाटेल. कोणी पाहत नसले म्हणून दूध उतू जायचे थांबत नाही. उलट नेमके तेव्हाच जाते! पण अणूंच्या जगात हाच प्रश्न गेली शंभर वर्षे शास्त्रज्ञांना छळतो आहे.

प्रकाशाचा एक कण, म्हणजे फोटॉन, समोरच्या दोन वाटांपैकी कोणत्या वाटेने गेला हे मोजेपर्यंत ठरलेलेच नसते. मोजले की मात्र एकच उत्तर मिळते. मग ते ठरवते कोण? यंत्र, की यंत्राकडे पाहणाऱ्या माणसाचे मन? पुढे नोबेल मिळवणाऱ्या युजिन विग्नर यांनी १९६१ मध्ये मनाच्या बाजूने कौल दिला.

याच कोड्याशी जवळचे नाते असलेला एक प्रयोग बंगळुरूच्या रामन संशोधन संस्थेत उर्बसी सिन्हा व त्यांच्या सहकाऱ्यांनी केला. तो २०२२ मध्ये प्रसिद्ध झाला. एकेक फोटॉन सोडायचा आणि एका वाटेवर अडसर ठेवायचा. अडसरावर आदळलेले फोटॉन हिशेबातून वगळायचे. उरलेले दुसऱ्या वाटेने गेले असे धरायचे, म्हणजे त्यांना कोणी बोटही लावलेले नाही. वस्तू आधीपासूनच एका ठरावीक स्थितीत असेल, तर मोजमापांच्या बेरजेला एक मर्यादा पडते. ती लेगेट आणि गर्ग यांनी १९८५ मध्ये सांगितली होती. फोटॉनने ती ओलांडली.

मग मनाचा विजय झाला का? मुळीच नाही. फरक पडतो तो अडसराने. मोजणी उपकरणे करतात, माणूस आकडे नंतर वाचतो. शेवटी आकडे कोणीतरी वाचणारच, म्हणून मनाचा संबंध तर्काने साफ खोडता येत नाही हे खरे. पण त्याच्यावाचून गणिताचे काही अडतही नाही. खुद्द विग्नर यांनीही पुढे आपले मत बदलले.

प्रश्न मात्र थिल्लर नाही. विश्वकिरणांचे नामवंत अभ्यासक बी. व्ही. श्रीकंठन निवृत्तीनंतर बंगळुरूच्याच राष्ट्रीय प्रगत अध्ययन संस्थेत चेतनेवर अनेक वर्षे चिंतन करीत होते. थिल्लर आहेत ते 'क्वांटम शक्तीने' आजार बरे करणारे. दुखणेकऱ्याच्या घरात असा माणूस शिरला की पैसा तर जातोच, चालू औषधही बंद पडते.

सिन्हा यांच्या गटाने २०२४ मध्ये फोटॉनच्या याच लहरीपणातून कोणालाही आधी ओळखता न येणारे आकडे तयार करून दाखवले. गुप्त संदेशांना कुलूप घालायला असेच आकडे लागतात.