तलफ आणि श्वास

छत्रपती संभाजीनगरच्या क्रांती चौकात शिवरायांच्या अश्वारूढ पुतळ्याभोवती वाहनांची वर्दळ सुरू होते, तेव्हाच टपरीवर पहिल्या चहासोबत पहिली सिगारेट पेटते. त्याच वेळी हिमायत बागेसारख्या ठिकाणी सतरंज्यांवर अनुलोम-विलोम चाललेला असतो. काही माणसं या दोन्ही गोष्टी रोज करतात. सकाळी कपालभाती केली की दिवसभराचा धूर निघून जातो, असा त्यांचा पक्का समज असतो. हा समज चुकीचा आहे आणि जिवावर बेतणाराही आहे. विडी-सिगारेट ओढणाऱ्याला प्राणायामाचा मोठा उपयोग होतो, तो ती सोडताना. ओढत राहण्याची सोय म्हणून प्राणायामाकडे पाहिलं, तर त्यातला खरा लाभच हातचा जातो.

आपल्या फुफ्फुसांत कोट्यवधी वायुकोश असतात. द्राक्षांच्या घडासारखे ते श्वासनलिकांच्या टोकांना लगडलेले असतात. वर्षानुवर्षांच्या धुराने त्यांच्या पातळ भिंती विरून जातात, अनेक लहान कोशांचा एक सैल, निकामी कोश होतो. विरलेली भिंत कोणत्याही श्वसनप्रकाराने पुन्हा उभी राहत नाही. अमेरिका आणि कॅनडात श्वासनलिका अरुंद होऊ लागलेल्या ५,८८७ धूम्रपान करणाऱ्यांवर झालेला ‘लंग हेल्थ स्टडी’ इथे डोळे उघडणारा आहे. जोराने फुंकताना पहिल्या सेकंदात किती हवा बाहेर पडते, हे त्यात मोजलं गेलं. ११ वर्षांनंतर दिसलं, की ओढत राहिलेल्या पुरुषांची ही क्षमता दरवर्षी सुमारे ६६ मिलिलिटरने घटली. सोडून दिलेल्यांची सुमारे ३० मिलिलिटरने. वयाप्रमाणे होणारी घट कुणालाच चुकत नाही. धुरामुळे होणारी जास्तीची झीज मात्र सिगारेट विझवली की आटोक्यात येते.

यावर कुणी विचारेल, प्राणायाम करणाऱ्यांचे फुंकण्याच्या चाचणीतले आकडे सुधारतात, ते काय खोटे? ते खोटे नाहीत. फक्त ती सुधारणा बरीचशी छातीच्या आणि पोटाच्या स्नायूंची आणि श्वास घेण्याच्या पद्धतीची असते. साधा हिशेब करू. प्रत्येक श्वासातली सुमारे १५० मिलिलिटर हवा नळ्यांतच राहते, वायुकोशांपर्यंत पोचत नाही. मिनिटाला ५०० मिलिलिटरचे १२ श्वास घेतले, तर ६ लिटरपैकी ४.२ लिटर हवा कामी येते. तीच ६ लिटर हवा १ लिटरच्या ६ संथ श्वासांत घेतली, तर ५.१ लिटर कामी येते. म्हणून संथ, खोल श्वासाने आहे त्या फुफ्फुसाचा वापर चांगला होतो. दम लागणाऱ्याला जिना चढताना हा फरक मोलाचा वाटतो. गेलेला भाग मात्र त्यामुळे परत येत नाही.

‘परंपरेवर शंका घेता का?’ असाही आक्षेप येईल. पण परंपरेनेच स्वतःला तपासून पाहिलं आहे. स्वामी कुवलयानंदांनी १९२४ मध्ये लोणावळ्यात कैवल्यधाम स्थापन केलं आणि प्राणायाम प्रयोगशाळेत नेला. त्याच्याही कितीतरी आधी ‘हठप्रदीपिका’ या योगग्रंथाने बजावून ठेवलं आहे, की चुकीच्या प्राणायामाने उचकी, दमा, खोकला मागे लागतो. सीओपीडीच्या, म्हणजे श्वासनलिका कायमच्या अरुंद करणाऱ्या आजाराच्या रुग्णाने झपाट्याने कपालभाती किंवा भस्त्रिका केली, तर हवा आतच अडकून दम वाढू शकतो. उच्च रक्तदाब, हृदयविकार किंवा हर्निया असणाऱ्यांनीही डॉक्टरांना विचारल्याशिवाय हे प्रकार करू नयेत. आणि वाहनांच्या धुरात उभं राहून दीर्घश्वसन करणं म्हणजे तोच धूर खोलवर नेणं.

मग उपयोग कुठे? तलफेच्या क्षणी. तलफ लाटेसारखी येते आणि बहुतेकदा काही मिनिटांत ओसरते. लंडनमध्ये ९६ धूम्रपान करणाऱ्यांवर झालेल्या आणि २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात योगिक श्वसनानंतर तलफ लगेच कमी झालेली आढळली. सिगारेट ओढणारा तरी काय करतो? कामातून उठतो, बाजूला होतो, लांब श्वास घेतो, सावकाश सोडतो. निकोटिनची भूक निकोटिननेच तात्पुरती शमते हे खरं. पण त्या विसाव्यात श्वासाचाही वाटा असावा. तो वाटा धुराशिवाय मिळवता येतो. पाठ ताठ ठेवून नाकाने चार मोजत श्वास घ्यायचा आणि ओठांचा चंबू करून सहा-आठ मोजत सोडायचा. श्वास रोखायचा नाही, जोर लावायचा नाही. पाच मिनिटं एवढंच.

हा परिणाम टिकत नाही, असं कुणी म्हणेल. बरोबर आहे. त्याच अभ्यासात दिवसभरानंतर फरक दिसला नाही. म्हणूनच श्वास एकटा पुरत नाही. डॉक्टरांचा सल्ला, गरज पडल्यास निकोटिनचं च्युइंगगम किंवा औषधं आणि घरच्यांची साथ लागते. १८००-११२-३५६ ही तंबाखू सोडण्यासाठीची राष्ट्रीय हेल्पलाइन मोफत आहे. पण तलफ येते तेव्हा डॉक्टर शेजारी नसतो, घरचे नसतात. टपरीपुढे माणूस एकटा असतो. त्या वेळी श्वास मात्र हक्काचा, फुकटचा आणि सोबतच असतो. ती पाच मिनिटं त्याच्यावर निभावली, की एक सिगारेट टळली. अशा टळलेल्या सिगारेटींतूनच व्यसन सुटतं आणि उरलेलं फुफ्फुस वाचतं.