उसुकाराची उपमा आणि धनुष्याची घडण

धम्मपदात बाण करणाऱ्या कारागिराची, म्हणजे उसुकाराची, उपमा तीन ठिकाणी येते : चित्तवग्गात, पंडितवग्गात व दंडवग्गात. पंडितवग्गातील 80 व्या आणि दंडवग्गातील 145 व्या गाथेत त्याच्या जोडीला पाट काढणारा आणि सुतारही आहेत. नीरा डाव्या कालव्याच्या पाण्यावर ज्यांची शेते भिजतात, त्या बारामती-इंदापूरच्या वाचकास पाटकरी समजावून सांगावा लागत नाही. सुतारही त्याच्या परिचयाचा आहे. उसुकार मात्र आपल्या गावातून केव्हाच गेला. कमानगर, तीरगर हे शब्द तेवढे भाषेत उरले. म्हणून या उपमेमागील कसब नेमके कोणते, हे येथे थोडे विस्ताराने पाहण्याचे आम्ही योजिले आहे.

प्रथम एक शंका. अंगुत्तर निकायाच्या पंचक निपातात उपासकाने जे पाच व्यापार करू नयेत असे सांगितले आहे, त्यांत शस्त्रांचा व्यापार पहिला आहे. मग शस्त्र घडविणाऱ्याचीच उपमा तथागतांनी का घ्यावी? आमच्या मते यात विसंगती नाही. उपमा घेतली आहे ती कारागिराच्या लक्षाची आणि धीराची, त्याच्या मालाच्या विक्रीची नव्हे. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनीही ‘द बुद्ध अँड हिज धम्म’ या ग्रंथात (1957) सिद्धार्थाला धनुर्विद्या शिकविली होती आणि तरीही शिकारीला जाण्याचे त्याने नाकारले, हे दोन्ही नोंदविले आहे. विद्या आणि तिचा वापर या दोन वेगळ्या गोष्टी होत.

धनुष्याच्या साहित्याची सर्वांत तपशीलवार यादी मिळते ती मज्झिम निकायातील चूळमालुंक्य सुत्तात, आणि तीही निरर्थक प्रश्नांची यादी म्हणून! विषारी बाण लागलेला मनुष्य म्हणतो की, अमुक अमुक कळल्याशिवाय मी बाण काढू देणार नाही. धनुष्य चाप होते की कोदंड, दोरी रुईची होती की स्नायूची, मूर्वेची की दुसऱ्या कशाची, बाणाची काडी रानातली की लावलेली, पिसे गिधाडाची, कंक पक्ष्याची की मोराची. वैद्य ताटकळतो आणि माणूस मरतो. वाचकांनी लक्षात घ्यावे की, या यादीतला पहिला प्रश्न धनुष्याचा नाहीच. तो आहे : बाण मारणारा क्षत्रिय, ब्राह्मण, वैश्य की शूद्र? प्राण जात असताना जात विचारणारा मनुष्य सुत्तकाराने किती अचूक पाहिला होता!

याच्या उलट मनुस्मृतीचा दुसरा अध्याय पाहावा. तेथे उपनयनातील मेखला ब्राह्मणाला मुंज गवताची, क्षत्रियाला मूर्वेच्या धनुष्यदोरीची आणि वैश्याला तागाची सांगितली आहे. शूद्राला उपनयनच नसल्यामुळे त्याच्या धाग्याचा प्रश्नच उद्भवत नाही. म्हणजे जो तंतू सुत्तात वनस्पती म्हणून येतो, तो स्मृतीत वर्णाची खूण होतो. एकलव्याचा अंगठा का गेला, हे समजण्यास एवढा धागा पुरेसा आहे. वास्तविक रुई इंदापूरच्या कोणत्याही बांधावर फुकट वाढते. तिच्या खोडाच्या सालीतून निघणारा वाख पांढरा, रेशमासारखा आणि चांगलाच चिवट असतो. तो वळणाऱ्याची जात त्या तंतूला कळत नाही.

आता लाकडाकडे वळू. धनुष्यासाठी आपल्याकडील नाणावलेले झाड धामण होय. संस्कृतात त्याला धन्वन म्हणत, आणि त्या नावातच धनुष्य आहे. परंतु धामण पावसाच्या डोंगराळ मुलखातली. बारामती-इंदापूरच्या अवर्षणग्रस्त माळावर बाभूळ, हिवर, बोर, लिंब ही झाडे. औत व बैलगाडी यांसाठी बाभळीसारखे लाकूड नाही. पण धनुष्यासाठी तिच्यात सरळ रेषेचा, गाठ नसलेला सहा फुटांचा तुकडा सापडणे कठीण, कारण फांदी फुटली तेथे गाठ आणि गाठ आली तेथे रेषा वळते. त्यामुळे बांबू हाच सर्वांत हाताशी असलेला पदार्थ. नंदुरबारकडील भिल्लांचे धनुष्य बांबूचे असते आणि पुष्कळदा त्याची दोरीही बांबूच्याच चिवट पट्टीची असते. या समाजाने ही विद्या कोणत्याही गुरूच्या परवानगीवाचून टिकविली आहे.

धनुष्याला पाठ आणि पोट असते. धरणाऱ्याकडे असते ते पोट, समोर असते ती पाठ. दोरी ओढली की पाठीचे तंतू ताणले जातात आणि पोटाचे दाबले जातात. ताणलेला तंतू मध्येच तुटलेला असेल तर तेथून चीर जाते. म्हणून लाकूड करवतीने कापण्यापेक्षा पाचर ठोकून रेषेत फोडणे चांगले, आणि पाठीला झाडाच्या वाढीचे एकच वर्तुळ टोकापासून टोकापर्यंत अखंड ठेवावे. बांबूचा बाहेरचा भाग सर्वांत चिवट असल्याने तो पाठीकडे ठेवतात व तेथे हत्यार लावत नाहीत. फोडलेले लाकूड सावलीत वाळवावे. उन्हात ते तडकते.

पुढे कुऱ्हाड, वाकस, रंधा आणि शेवटी कानस. मध्ये मुठीसाठी जाड भाग राखून दोन्ही बाहू टोकांकडे निमुळते करीत जातात. येथे एक हिशेब ध्यानात असावा. बाहूची रुंदी निम्मी केली तर त्याचा ताठपणा निम्मा होतो. पण जाडी निम्मी केली तर ताठपणा आठपटीने घटतो. जाडी फक्त दहावा हिस्सा कमी झाली तरी ताठपणा एक चतुर्थांशाहून अधिक जातो. जाडी काढताना नवख्याची धनुष्ये मोडतात ती यामुळेच.

टोके पुढच्या बाजूस वळलेली हवी असतील तर ते काम याच टप्प्यावर करावे. टोक अर्ध्या इंचाच्या आसपास जाडीचे असताना ते वाफेवर धरतात. एक इंच जाडीला एक तास हे सर्वसाधारण मान आहे. वाफेने लाकडाचे तंतू तात्पुरते सैल होतात. मग चटकन लाकडी फर्म्यावर वाकवून घट्ट आवळतात आणि पूर्ण वाळेपर्यंत, निदान काही दिवस, तसेच ठेवतात. सोडल्यावर ते थोडे परत सरळ होते, म्हणून फर्म्याचा बाक हवा त्याहून थोडा अधिक घ्यावा. अशा टोकांमुळे ओढीच्या सुरुवातीलाच जोर लागतो आणि शेवटी ओढ एकदम जड होत नाही. तेवढ्याच लांबीत अधिक शक्ती साठते. मात्र टोक जरा तिरपे वळले तर दोरी एका बाजूस घसरते आणि बाहू पिळवटतो.

यानंतर येते ते खरे कसब : दोन्ही बाहूंचा बाक सारखा करणे. मूठ भिंतीवरील खुंटीवर टेकवून, लांब दोरी लावून, धनुष्य थोडेसेच ओढतात आणि दूर उभे राहून पाहतात. कोठे बाक आहे, कोठे लाकूड काठीसारखे ताठ राहिले आहे? जेथे ताठ आहे तेथूनच पोटाची बाजू खरवडायची. जेथे जास्त वाकते त्या जागेला हातही लावायचा नाही, कारण काढलेले लाकूड परत चिकटत नाही. दुबळ्या जागेचा उपाय तिच्या शेजारच्या ताठ जागेत असतो. दर खरवडीनंतर वीस-तीस वेळा हलके ओढून लाकडास नवी सवय लावावी आणि मगच पुन्हा पाहावे. जेवढी ओढ अंतिम हवी आहे त्याहून अधिक वजनाने कधीच ओढू नये. दोष दिसत असताना पुढे ओढणे म्हणजे त्या एकाच जागेवर सगळा भार टाकणे होय. तेथील तंतू चेपतात आणि धनुष्याला कायमचा बाक येतो. शेवटी फुटक्या काचेच्या धारेने तासतात. असे काम एका बैठकीत उरकणाऱ्याच्या हाती बहुधा सरपण उरते.

महाजनक जातकात उसुकाराचे सुंदर चित्र आहे. तो काडी निखाऱ्यावर तापवितो, आंबट पेजेने ओली करतो आणि एक डोळा मिटून तिच्या लांबीवरून नजर टाकतो. राजाने विचारल्यावर तो सांगतो की, दोन्ही डोळ्यांनी पाहिले असता नजर फाकते, एका डोळ्याने वाकडेपणा नेमका दिसतो. दोरी मुठीच्या मध्यावरून जाते की नाही हे धनुष्य घडविणारा आजही असेच पाहतो. तापवून सरळ करण्याची रीत तर बांबूची काठी शेकणाऱ्या आपल्या मेंढपाळ धनगरासही नवी नाही.

वन्यजीव संरक्षण कायदा 1972 चा आहे, आणि बारामती तालुक्यातील सुपे येथील मयूरेश्वर अभयारण्य चिंकाऱ्यांसाठीच राखलेले आहे. तेव्हा धनुष्याचे स्थान आज मैदानात आहे. ऑलिम्पिकमध्ये 70 मीटरवरून 122 सेंटिमीटर व्यासाच्या लक्ष्यावर नेम धरतात, आणि दहा गुणांचे वर्तुळ केवळ 12.2 सेंटिमीटरचे असते. नीरेपलीकडील फलटण तालुक्यातल्या सरडे गावचे प्रवीण जाधव 2021 साली टोकियोत याच अंतरावर उभे होते. मजुरी करणाऱ्या आईबापांचा हा मुलगा. अशा स्पर्धेतले धनुष्य धातू, कार्बन व काचतंतूंचे असते आणि त्याची किंमत गरीब घराच्या आवाक्याबाहेरची. बांबूचे धनुष्य त्याची जागा घेणार नाही. परंतु वसतिगृहाच्या अंगणात मुलामुलींचा हात बसविण्यास ते पुरेसे आहे, असे आम्हांस वाटते.

तसे करणाऱ्यांनी दोन गोष्टी कटाक्षाने पाळाव्यात. बाण न लावता ओढलेली दोरी कधीही सोडू नये. बाणात जायची शक्ती बाहूंतच फुटते आणि धनुष्य चिरफळते. लक्ष्यामागे मातीचा उंच बांध असावा व बाण वेचेपर्यंत कोणीही दोरी ओढू नये. काम संपताच दोरी उतरवावी, लाकडाला जवसाचे तेल चोळावे आणि धनुष्य भिंतीला तिरके टेकवून न ठेवता दोन खुंट्यांवर आडवे ठेवावे.