भुलीखाली रक्त आणि वेदना

१२ जानेवारी १९२४च्या रात्री पुण्याच्या ससून रुग्णालयात, येरवड्याच्या तुरुंगातून आणलेल्या एका कैद्यावर अपेंडिक्सची तातडीची शस्त्रक्रिया झाली. शल्यचिकित्सक होते कर्नल मॅडॉक आणि कैदी होते महात्मा गांधी. मध्येच वीज गेली आणि उरलेलं काम कंदिलाच्या उजेडात पुरं करावं लागलं. ही हकिगत अनेक पुणेकरांना ठाऊक असते. भूल क्लोरोफॉर्मची होती, याकडे मात्र सहसा लक्ष जात नाही. हृदयाची लय किंवा रक्तातला ऑक्सिजन सतत दाखवणारा पडदा तेव्हा नव्हता. नाडी, श्वास, डोळ्यांच्या बाहुल्या आणि चेहऱ्याचा रंग, एवढ्यावरच भिस्त. आणि कंदिलाच्या उजेडात रंगही धड कळत नाही.

क्लोरोफॉर्मची भीती जुनी होती. १८४७मध्ये एडिंबरात सिम्प्सननं तो वापरात आणला आणि काही आठवड्यांतच, २८ जानेवारी १८४८ला, इंग्लंडमध्ये हॅना ग्रीनर ही पंधरा वर्षांची मुलगी पायाच्या बोटाचं नख काढताना दगावली. धडधाकट माणूस भुलीखाली अचानक का मरतो? आधी श्वास थांबतो की हृदय? एडिंबरावाले म्हणत, श्वासावर नजर ठेवा. लंडनवाले म्हणत, नाडी सोडू नका.

या वादाचा निकाल लावण्याचा मोठा प्रयत्न झाला तो आपल्या शेजारी, हैदराबादेत. निजामाच्या पैशावर डॉ. एडवर्ड लॉरी यांनी १८८८ आणि १८८९मध्ये दोन आयोग चालवले. दुसऱ्यासाठी लंडनहून लॉडर ब्रंटन आले. शेकडो प्राण्यांना क्लोरोफॉर्म देऊन पाहिला गेला. जगातली पहिली स्त्री भूलतज्ज्ञ मानल्या जाणाऱ्या रूपाबाई फर्दुनजी याच लॉरींच्या विद्यार्थिनी. आयोगाचा निष्कर्ष असा की श्वास नेहमी आधी थांबतो, हृदयाची चिंता नको.

निष्कर्ष चुकला होता. १९११मध्ये गुडमन लेव्ही यांनी मांजरांवरच्या प्रयोगांतून दाखवलं की क्लोरोफॉर्मची भूल हलकी असताना शरीरात ॲड्रिनलिन वाढलं, तर हृदयाची लय बिघडते. ते नुसतं थरथरत राहतं आणि रक्त पुढे ढकलत नाही. भीतीनं ॲड्रिनलिन उसळतं, तसंच वेदनेनंही. अपुऱ्या भुलीत चाललेली सुरी म्हणूनच जिवावर बेतू शकत होती. वेदना आणि रक्ताभिसरण यांचं नातं इतकं थेट आहे, हे कळायला साठ वर्षांहून अधिक काळ जावा लागला, याची हळहळ वाटते.

हे नातं आजही भूलतज्ज्ञाच्या कामाच्या केंद्रस्थानी आहे. १९२४मध्ये कोथरूड पुण्याबाहेरचं खेडं होतं. आज तिथल्या कर्वे रस्ता, पौड रस्ता परिसरातल्या कितीतरी घरांत गुडघा बदललेले आजी-आजोबा भेटतात. पूर्ण भुलीत प्रोपोफॉल शिरेतून गेलं की अर्ध्या-एक मिनिटात शुद्ध हरपते, रक्तवाहिन्या सैलावतात आणि रक्तदाब उतरतो. पण बेशुद्ध मेंदूला दुखल्याची जाणीव नसली, तरी मज्जारज्जू आणि मेंदूचा तळ यांना जखमेचा निरोप पोचतच असतो. चीर पडताच नाडी धावते, रक्तदाब चढतो. म्हणून झोपेच्या औषधासोबत फेंटानिलसारखं वेदनाशामकही द्यावं लागतं. निजलेल्या माणसाची वेदना पडद्यावरच्या आकड्यांतून वाचायची, हे भूलतज्ज्ञाचं खरं कसब. पेशंट शुद्धीवर येईपर्यंत तो जागचा हलत नाही, ते याचसाठी.

गुडघ्याला बहुधा कमरेतून भूल देतात. १८९८मध्ये जर्मनीच्या कील शहरात ऑगस्ट बीअरनं ही पद्धत प्रथम वापरली. मणक्यांमधल्या द्रवात औषध सोडलं की वेदनेच्या मज्जातंतूंबरोबर रक्तवाहिन्यांना आवळून धरणारे बारीक तंतूही बंद पडतात. पाय आधी ऊबदार लागतात, मग जड होतात. रक्त पायांत साचून हृदयाकडे कमी परततं, बीपी घसरतं, मळमळतं. लगेच सलाइनचा वेग वाढवतात, मेफेंटर्मिन किंवा फिनाइलेफ्रिन टोचतात. सिझेरियनला बाईला किंचित डाव्या कुशीवर कलतं ठेवतात, कारण गर्भाशयाचा भार पोटातल्या मोठ्या शिरेवर पडतो आणि हृदयाकडे परतणारं रक्त आणखी घटतं.

सैल झालेल्या वाहिन्यांतून शरीराच्या गाभ्यातली ऊब त्वचेकडे निघून जाते. पहिल्या तासात एखादा अंश तापमान सहज उतरतं. ऑपरेशननंतर पेशंट कुडकुडतो याचं हे मोठं कारण, आणि म्हणून गरम हवेची पांघरुणं वापरतात.

भूलतज्ज्ञ आदल्या दिवशी येऊन गोळ्यांची यादी विचारतात, तेव्हा घरच्यांना ती औपचारिकता वाटते. पण टेल्मिसार्टनच्या जातीची रक्तदाबाची गोळी सकाळी घेतलेली असेल, तर भुलीत बीपी जास्तच कोसळू शकतं. ती बऱ्याचदा थांबवतात. मेटोप्रोलॉलसारखी गोळी मात्र सहसा चालू ठेवतात, कारण ती एकाएकी तोडली तर नाडी बेफाम होते. कोणती गोळी घ्यायची आणि कोणती नाही, हे त्यांनाच विचारावं आणि आयुर्वेदिक काढ्यांसकट घरात चालू असलेलं सगळं त्यांच्यासमोर ठेवावं.